दोनदा अडणारा खण

आमच्या नाटकांचे सेट उभे करणाऱ्या सुताराला आम्ही रंधोपंत म्हणायचो, कारण त्याने रंधा खाली ठेवलेला कुणी पाहिलाच नव्हता. सेट हे पोटापाण्याचं काम. जीव रमायचा तो कपाटांत. माणूस न्याहाळायचा आणि त्याचंच कपाट घडवायचं! मॅनेजरचं केलं ते ढेरपोटं, काडीच्या पायांचं. माझ्या कपाटाला पुढे सगळा आरसा आणि आत टाचणी ठेवायला जागा नाही. भर तालमीत मी त्याला मिठी मारली. नटाला एवढं खरं कोण सांगतं?

मग त्याने थोरल्या भावाचं केलं. दादा त्याच्याच कारखान्यात पॉलिश करायचा. उंच, शांत, बोलताना अडखळणारा. कपाटही तसंच, उंच, शिसवी, दारावर एकच कोरलेलं पाखरू. मधला खण ओढला की दोनदा अडायचा आणि तिसऱ्या हिसक्याला सगळा बाहेर यायचा.

त्याच्या कपाटांचं प्रदर्शन भरलं, तेव्हा तो खण ओढायला रांग लागली. "अगदी दादा!" कुणीतरी ओरडलं. गर्दीने दादालाच पुढे ढकललं. त्याने ओढला. हशा उसळला. रंधोपंतही टाळ्या देत हसला. दादाही हसला, आणि दुसऱ्या दिवसापासून त्याने धाकट्याशी बोलणं टाकलं. कामावर यायचा, हवं ते बोटाने दाखवायचा.

रंधोपंताला घास जाईना. "अहो, टिंगल थोडीच केली मी?" तो मला म्हणायचा. "माझ्याकडचं सगळ्यात देखणं लाकूड त्यालाच दिलं."

"दिलंत ना," त्याची बायको चहा ठेवत म्हणाली, "मग लोकांच्या हाती कशाला दिलंत?"

एका सकाळी मी कारखान्यात बसलो असताना त्याने तो खण उपसला, कडा तासल्या, मेण चोळलं. बोट लावताच सरकू लागला. मग दादाला हाक मारली.

"बघ दादा, आता अडत नाही. चुकलं माझं."

दादाने खण ओढला. अलगद आला.

"म्हणजे," कित्येक महिन्यांनी तो बोलला, "मी अ... अडतो, ते तुला दु... दुरुस्त करायचं होतं?"

रंधोपंत पांढराफटक पडला. "नाही रे, दादा..."

"थांब. बो... बोलू दे. खण मला आ... आवडला होता. पण तू त्यांच्याबरोबर..."

शब्द अडला. तो कोणता, हे रंधोपंताला ठाऊक होतं, मलाही. प्रॉम्प्टरसारखा पुरवायला तो माझ्या जिभेवर आला होता. रंधोपंत मात्र हातातला मेणाचा तुकडा दाबत, मान खाली घालून थांबून राहिला.

"...हसलास," दादा म्हणाला.

"हो. हसलो."

दादाने तासलेल्या कडेवरून अंगठा फिरवला. लाकूड तिथे कोरं, उघडं पडलं होतं.

"पॉ... पॉलिश आण," तो म्हणाला.

रंधोपंताने डबा आणून दिला. भावाकडे बघायची मात्र त्याची हिंमत झाली नाही.