थंड इंजिनाचा चटका

भुताखेतांच्या गोष्टी मी वाचतही नाही. हे लिहिते आहे ते कुणाला घाबरवायला नव्हे... राग गेलेला नाही म्हणून.

जळगाव जिल्ह्यातल्या आमच्या गावातून अरुंद रुळांवरची छोटी रेल्वेगाडी सुटते. गावाचं नाव लिहीत नाही, ओळखणारे ओळखतील. माझे वडील, आबा, तिथल्या इंजिनांच्या शेडमध्ये फिटर. मी जळगावला मावशीकडे राहून इंग्रजी शाळेत शिकलेली. दुष्काळाच्या आदल्या वर्षी खांडेनवमीला घरी आले होते.

त्या दिवशी अवजारांची पूजा म्हणून शेडमधल्या इंजिनांना हार घालतात. सगळ्यात जुन्या इंजिनाला सगळे ‘म्हातारी’ म्हणत. उन्हाळ्यातच ती कंडम ठरली होती. बॉयलर रिकामा, धुराड्यावर पत्रा, मागच्या छपराखाली उभी.

“भंगाराला कसला हार?” शेडचे नवे साहेब म्हणाले.

सगळ्यांना हार आणि हिलाच नाही, हे आबांचे जोडीदार नाना यांना खटकलं. ते अहिराणीत पुटपुटले, “बठ्ठास्ले हार, अन् हाई एकलीच उघडी?”

आबांनी म्हातारीला हळदकुंकू लावलं. ताट मी धरलं होतं.

तेवढ्यात साहेब चाळीसगावच्या भंगारवाल्या शेठजींना घेऊन आले. शेठजींनी बॉयलरवर तळहात टेकला आणि किंचाळून मागे घेतला. बघता बघता फोड आला. आबांनी घाईने त्यांच्या हातावर तांब्यातलं पाणी ओतलं. चार थेंब लोखंडावर उडाले — चर्र... आणि वाफ.

ऊन म्हणाल, तर छपराखाली सावली होती.

साहेब आबांना म्हणाले, “कोळसा चोरून पेटवलंत. सौदा मोडायला. नोकरी घालवीन तुमची.”

आबांनी भट्टीचं दार उघडलं. आत राखेचा कण नाही. तोंडावर आडवं कोळ्याचं जाळं, मधोमध कोळी बसलेला. मी स्वतः पाहिलं.

हातावर फुंकर घालत शेठजी म्हणाले, “साहेब, चूल तर थंड. मग माझी भाकरी कशावर भाजली?”

मी चारचौघांत बोलत नाही. त्या दिवशी बोलले. घाबरले की माझ्या तोंडून इंग्रजीच येतं, तसं आलं... राख नाही, जाळं शाबूत आहे, सगळं सांगितलं. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि आबांना म्हणाले, “मुलीचं इंग्रजी छान आहे हो.”

बस. जाळ्याकडे ते वाकलेसुद्धा नाहीत.

शेठजींनी तक्रार केली नाही म्हणून नोकरी वाचली. पण आबांना शेडमधून काढून गोदामावर बसवलं. म्हातारी तुकडे होऊन चाळीसगावला गेली. आबांना मात्र गावात अजून मागून ‘कोळसाचोर’ म्हणतात.

“तू शिकलेली, तूच सांग काय होतं ते,” असं नाना मला अजून विचारतात. मला सांगता येत नाही. रिकामं इंजिन का तापलं, मला खरंच माहीत नाही. पण आबांनी ते पेटवलं असं ज्यांना पटतं, त्यांनी मला एवढंच सांगावं — आगीत कोळ्याचं जाळं कसं टिकलं?