मनोहररावांच्या भटारखान्यात न चालणारा शब्द

पंचवीस वर्षांपूर्वी जबलपूरच्या सदर भागातल्या एका हॉटेलच्या भटारखान्यात मी कामाला लागले, तेव्हा मनोहरराव खोलकुटे तिथले मुख्य आचारी होते. पहिल्या दिवशी मी पदर खोचून उभी राहिले, तर म्हणाले, "झारा ठेव बाई. आधी शहर खाऊन ये." नव्या माणसाला ते आठ दिवस चुलीला हात लावू देत नसत. स्वतः बरोबर घेऊन जबलपूर हिंडवत.

सकाळी नर्मदेच्या ग्वारीघाटावर गोवऱ्यांत भाजलेले कणकेचे गक्कड आणि वांग्याचं भरीत. मग मदनमहालची टेकडी चढायला लावत, कारण पोटात कावळे ओरडल्याशिवाय चव कळत नाही असं त्यांचं म्हणणं. उतरलो की कांचघरला मूगडाळीचे भज्यांसारखे मंगोडे, आणि शेवटी खव्याची जिलेबी. प्रत्येक ठिकाणी काय कमी, काय जास्त ते सांगायचं. मी एकदा "छान आहे" म्हटलं, तर कडाडले, "छान म्हणजे काय? मीठ सांग, आच सांग!" त्यांच्या हाताखाली हा शब्द कायमचा बंद होता. कांचघरचे मंगोडेवाले भैयासुद्धा त्यांची बोलणी खायला टपलेले असत. "आज मिर्च ज़्यादा है," असं ऐकलं की गडी खूश!

माणूस मात्र मायेचा. माझे यजमान गेले तेव्हा तेरा दिवस त्यांनी आमच्या घरी पिठलं-भात रांधला, आणि मी जेवत नाही असं पाहून रोज विचारलं, "मीठ कसं आहे?" उत्तर द्यायला घास खावाच लागे.

गेल्या हिवाळ्यात त्यांना ताप आला आणि नाकाला वास, जिभेला चव कळेनाशी झाली. चव परत येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. त्यांनी तेव्हा कुणालाच सांगितलं नाही. गणपतीत आपल्या मंडळाचा मसालेभात नेहमीप्रमाणे त्यांनीच केला, आणि त्यात मीठ दोनदा पडलं. पंगतीत हा अंक वाचणारे आपण सगळेच होतो. खारट घास पाण्याबरोबर गिळला आणि मानाखातर बाकीचे एकमुखानं म्हणाले, छान! ते माझ्या पानापाशी आले. "काहून गं, गप्प काहून बसून राहिली? मीठ?"

"छान झालाय," मी म्हटलं.

 त्यांनी हातातला डाव पातेल्यावर ठेवला आणि आत गेले. त्यानंतर त्यांनी चूल पेटवलेली नाही. मेलं माझं तोंड, त्या दिवशी जळलं कसं नाही!

त्यांच्या पंचाहत्तरीच्या सत्कारानिमित्त मंडळ काढत असलेल्या या अंकासाठी 'मनोहररावांचं आवडतं जबलपूर' लिहून द्या, असा निरोप आला, म्हणून मागच्या महिन्यात मी त्यांना घेऊन निघाले. कांचघरला भैयांनी द्रोण पुढे केला. "उस्ताद, कैसे बने?" मनोहररावांनी मंगोडा चावला, बराच वेळ चघळला आणि म्हणाले, "बढ़िया." भैयांचा चेहराच पडला. मला तिथे उभं राहवेना.

टेकडी आता झेपत नाही, म्हणून थेट घाटावर गेलो. पायरीवर बसून त्यांनी गक्कड मोडलं. "सांग," म्हणाले. मी खरं तेच सांगितलं: वांगं एका बाजूनं कच्चं, मीठ चिमूटभर कमी, लसूण करपलेला. ते मान हलवत, डोळे पुसत खात होते. "आणखी सांग." माझ्याजवळचं सगळं सांगून संपलं. मग नदीकडे पाहत म्हणाले, "मला नुसतं गरम लागून राहिलं. पंचाहत्तर झाले. आता पुढचं काहून जगायचं?"

  गौरवलेखात यावर आशेचं काही लिहावं लागतं, पण त्यांच्या शिष्येला खोटं वाढणं एकदाच जमलं, आणि तेवढं पुरे झालं.

नर्मदामाईनं त्यांना शंभरी द्यावी, हातपाय धड ठेवावेत. हे मी माझ्यासाठीच मागते आहे, कारण मला रागावणारं दुसरं कुणी उरलेलं नाही. सत्काराच्या दिवशी मसालेभात मी करणार आहे. ते पंगतीतून फिरतील, प्रत्येकाला विचारतील. हात जोडून सांगते, त्या दिवशी कुणीही छान म्हणू नका.