परसाखालचा गारवा

माझी पत्नी गुरुवारी दुपारी गेली. तेव्हा मी घरामागे चर खणत होतो.

चर कशासाठी होता ते सांगायला हवं. आम्ही कासारवाडीत एका शेतकऱ्याच्या दोन खोल्यांत भाड्याने राहत होतो. वर पत्रे. पिंपरीच्या एका नव्या कारखान्यात मी नकाशे काढायच्या खात्यात होतो. पत्नीच्या हृदयाची झडप लहानपणी सांधेतापाने बिघडली होती. माघात पुण्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "या पत्र्याखाली उन्हाळा झेपायचा नाही. थंड हवेच्या ठिकाणी न्या." तशा ठिकाणी आमचं कोणी नव्हतं. "परक्यांत जाऊन पडू कशाला? इथेच बरी आहे मी," ती म्हणाली.

कारखान्याच्या वाचनालयात एक परदेशी मासिक येई. थंड देशांत लोक घराभोवती जमिनीत नळ्या पुरतात, त्यांतून पाणी फिरवतात आणि जमिनीतली ऊब यंत्राने घरात घेतात, असं त्यात वाचलं. यंत्र आवाक्यातलं नव्हतं. पण जमीन थंडीत ऊब देत असेल तर उन्हाळ्यात गारवाही देईल, असं माझ्या मनाने घेतलं. विहिरीचं पाणी फाल्गुनातच तळाला जाई. नळीत तेच ते पाणी फिरत राहणार होतं, म्हणून हा मार्ग बरा वाटला.

रोज संध्याकाळी मी कागदावर आखत बसे. नळी किती लांब हवी, दोन ओळींत अंतर किती, वेढे गोल घालावेत की नांगराच्या तासांसारखी नळी जाऊन परत आणावी. अंतर कमी पडलं तर एक ओळ दुसरीला तापवते. हे सारं गणिताने सुटलं. एक गोष्ट मात्र सुटेना. आपल्याकडची जमीन किती खोलीवर गार राहते? मासिकातले आकडे बर्फाच्या मुलखातले होते. म्हणून मी घरमालकांना विचारलं. म्हातारे गृहस्थ, सगळा जन्म याच शिवारात गेलेला.

त्यांनी कागद उलटा धरून पाहिला. "जिलबी काढली व्हय, सायेब?"

"नळी पुरायची आहे. इथली माती कुठे गार असते?"

"परसाखाली कवाबी गारच. त्यात काय इचारायचं?"

मला तेवढं पुरलं. आमच्या खोल्यांमागे परस होताच. तिथे शेवग्याची सावली होती, सांडपाण्यावर वाढलेली केळ होती, माती हाताला ओली लागे. तिथे अडीच फूट खोल चर खणून मी नळी पुरली. शेजारच्या गॅरेजवाल्या चाचांनी मोडीतल्या ट्रकचा रेडिएटर झाळून दिला आणि पाणी फिरवायला एक हातपंप बसवला; मी कामावर असलो की त्यांच्या घरच्या चाची तो मारत. रेडिएटर तिच्या खाटेशी ठेवला, त्याच्यामागे टेबलफॅन.

"आजवर यानं इंजिन गार केलं," चाचा तिला म्हणाले. "आता तुमची पाळी, भाभी. फक्त हॉर्न वाजत नाही."

फाल्गुनाचे शेवटचे दिवस बरे गेले. ती दुपारची झोपू लागली. चैत्र लागला आणि नळीतून परत येणारं पाणी बारा वाजेतो कोमट होऊ लागलं. मी चूक लांबीत शोधली. आणखी दोन ओळी वाढवल्या, पुन्हा मोजमाप केलं. त्यात पंधरा दिवस गेले.

"अहो, तुमचा ट्रक आज फारच तापलाय," ती पडल्या पडल्या म्हणायची.

एका संध्याकाळी तिने सहज विचारलं, म्हातारबाबा नक्की काय म्हणाले होते? मी त्यांचे शब्द जसेच्या तसे सांगितले. ती हसली. मग छातीवर हात ठेवून दम खात थांबली.

"आमच्या गावी विहीर परसाने मोजतात," ती म्हणाली. "माणूस हात वर करून उभा राहिला की झाला एक परस. बाबा खोली सांगत होते. तुम्ही मागचं दार धरून बसलात."

तिचं माहेर बार्शीकडचं. मी शाळामास्तरांचा मुलगा, शहरात वाढलेला. परस म्हटलं की मला परसबागच आठवे.

"मला नाही का विचारायचं?" हे ती रागाने म्हणाली नाही. मी कागद आखले, गणितं केली, पण त्यातलं काही तिला दाखवावं असं एकदाही मनात आलं नव्हतं.

घरमालकांना विचारलं तर ते म्हणाले, "मग दुसरं काय सांगितलं मी? वरची माती म्हंजी तवा. तुमी तव्यावर नळी घातली. मला वाटलं, शिकलेला माणूस हाय, असंल काई."

मी रजा काढली आणि शनिवारपासून खणायला लागलो. तीन फुटांखाली मुरूम लागला. पहारीचा घाव बसे आणि मूठभर खडा निघे. बुधवारी पाणी प्यायला आत गेलो तेव्हा ती म्हणाली, "राहू दे आता ते. इथे बसा. जरा वारा घाला."

"चार दिवस," मी म्हणालो. "मग सगळा उन्हाळा बसेन."

"बरं," ती म्हणाली आणि कुशीवर वळली.

गुरुवारी मी खांद्यापर्यंत खड्ड्यात होतो. तिने हाक मारली असेल तर पहारीच्या आवाजात मला ऐकू आली नाही. चाची ताक घेऊन आल्या होत्या. त्यांनी आधी पाहिलं.

डॉक्टर नंतर म्हणाले की झडप फारच निकामी झाली होती, खोली गार असती तर महिना-दोन महिने मिळाले असते किंवा तेवढेही नाही. मी दिवस करायला गावी गेलो होतो, तेव्हा चाचांनी आणि घरमालकांनी चर बुजवून टाकला.

पुरुषभर खोलीचं गणित मी पुढे अनेकदा मांडलं. ते बरोबर येतं. तसं गार पाणी तिच्या खाटेपर्यंत मात्र एकदाही पोचलं नाही, आणि अखेरचे सहा दिवस मी तिच्यापाशी नव्हतो.

आता मी एकटा राहतो. दुपारी बसायला वेळ असतो.