चिंधीची चिंधी

आमच्या घरच्या केरात चिंधी दिसली, तर त्या दिवशी वच्छला माझ्याशी बोलायची नाही. मी शिंपी. बोरी अरबला बसस्टँडच्या बाजूला माझं दुकान होतं, दुकानाच्या मागं घर. शिंप्याच्या घरात चिंध्या पडणारच. पण त्या केरात जायच्या नाहीत. मी कैची उचलली की ही टेबलाजवळ येऊन उभी राहायची आणि कातरण जमिनीला लागायच्या आत पदरात झेलायची. मला राग यायचा. म्हणायचो, "अवं, एखाद्या दिवशी हात कापला जाईन तुया!" ती म्हणायची, "कापा. थोही तुकडा जोडून घेईन."

वच्छला माझी बायको. आमचा संसार एकेचाळीस वर्षांचा. यंदा गव्हाच्या पेरणीच्या वेळी ती गेली. मी चौथी नापास आहे आणि ती तर शाळेच्या पायरीलाही लागली नाही. अशा बाईबद्दल दुसरं कोणी लिहिणार नाही, म्हणून मी लिहायला बसलो. चुका सांभाळून घ्या.

वाकळ, म्हणजे तुमची गोधडी, आमच्याकडं पुष्कळ बाया शिवतात. त्यात काही नवल नाही. नवल वाकळ शिवून झाल्यावर होतं. तेव्हा जे उरतं ते सुपारीएवढं, दोन बोटांएवढं उरतं. बाकीच्या बाया ते चुलीत घालतात. वच्छलाचं त्याला वेगळं नाव होतं, चिंधीची चिंधी, आणि वेगळं गाठोडं होतं. त्यातून डोक्यावर घागर ठेवायची चुंबळ व्हायची, बैलाच्या खांद्याला जू लागू नये म्हणून गादी व्हायची, पोळ्याला शिंगांचे गोंडे व्हायचे. अर्ध्या गावाच्या बैलांनी माझ्या कातरणीचे गोंडे मिरवले आहेत.

शेजारच्या बाया थट्टा करायच्या. "वच्छलामाय, भिकाऱ्याच्या झोयीतबी याच्याहून मोठी चिंधी निंगते वं!"

ही सुईतून नजर न काढता म्हणायची, "चिंधी लहान नसते बाई, आपला धीर लहान असते."

मग कापसाचे ते वाईट दिवस आले. बोंडात अळी, आणि जो कापूस हाती लागला त्याला भाव नाही. लोकांच्या घरात कापूस आढ्यापर्यंत भरलेला आणि अंगावर फाटकं. मला हे फार लागायचं. ज्या गावात एवढा कापूस पिकतो त्या गावात दिवाळीला नवा सदरा कोणी शिवेना. पूर्वी दसऱ्यापासून मशीनला दम नसायचा. त्या वर्षी मी मशीनला तेल द्यायचो आणि पुसून झाकून ठेवायचो. आणखी एक गोष्ट होती, ती मी कोणाला सांगितली नव्हती. मला खडूची रेघ दिसेनाशी झाली होती.

त्या दिवसांत बंजाऱ्यांच्या तांड्यावरची कमळीबाई आली. तिच्या पोराला जंगल खात्यात नोकरी लागली होती, सोमवारी पांढरकवड्याला हजर व्हायचं होतं. तिनं यवतमाळहून शर्टाचं कापड आणलं होतं. पांढऱ्यावर उभ्या निळ्या रेघा, सुलट बाजूनं चकचकीत, उलट बाजूनं अगदी फिक्कं. तिच्या घरात त्या वर्षी आलेलं तेवढंच नवं कापड. टेबलावर ठेवताना तिनं आधी हात पदराला पुसले. म्हणाली, "टेलरभाऊ, सायेबाच्या पुढं उभं राहाचं हाये पोराले. नीट शिवजा."

मी ते कापड बिघडवलं. शिंपीच करू शकतो अशी ती चूक. शर्टाचे पुढचे दोन भाग एक उजवा, एक डावा असे निघायला हवेत. कापडाचे दोन तुकडे सुलटीवर सुलट असे ठेवले तर तसे निघतात. मला सुलट-उलट दिसलंच नाही. मी अंदाजानं एकावर एक ठेवले, कैची चालवली आणि उचलून पाहिलं, तर दोन्ही भाग उजवे. डावा नाही. आणि डावा करायला कापडही नाही.

मी स्टुलावर बसून राहिलो. एवढ्या वर्षांत कोणाचं कापड वाया घालवलं नव्हतं. ही गोष्ट बसस्टँडवर गेली की माझ्या हातात कोणी कापड देणार नव्हतं, आणि दुसरं काही मला येत नव्हतं.

वच्छलानं दोन्ही भाग उचलून अंगाला लावून पाहिले आणि हसली. "दोन उजव्या हाताचा मानूस शिवून राह्यले का तुमी?"

"हसू नको. नाक कापलं गेलं आपलं."

"नाक नाई, कापड कापलं. थे जोडता येते."

"काय जोडतं? उजवा पलटवून डावा केला अन् फिक्की बाजू बाहेर आली, त आंधळ्यालेबी दिसन."

"उलट नाईच करत मी. तुमी शिंपी. तुमाले कापता येते. जोडाचं काम मायं."

तिनं जास्तीचा उजवा भाग घेतला आणि बेधडक उभा फाडला, निळ्या रेघेवरून, चार पट्ट्या. मग त्या पट्ट्या तिनं उलट्या क्रमानं मांडल्या. काखेकडची बटणाकडं, बटणाकडची काखेकडं. सुलट बाजू वरच राहिली आणि उजव्याचा डावा झाला! रेघेला रेघ जुळवून तिनं हातानंच बारीक टाके घातले. जोड कुठं आहे ते बोटालाच कळेल, डोळ्याला नाही. गळ्यापाशी, खांद्यावर आणि काखेत कमी पडलं. तिथं सकाळी पदरात झेललेलं त्याच कापडाचं कातरण कामी आलं. तीन तुकडे, सुपारीएवढे.

"काखेत कोन पाह्यते?" ती म्हणाली.

टाके घालता घालता दुसरं बोलली, तेही माझ्याकडं न पाहता. "पोयाच्या सनापासून पाहून राह्यली मी. तुमची कातरण मोठी पडून राह्यली. पयले काखेतून निंगे थो तुकडा बोटाएवढा राहे. आता तयहाताएवढा राह्यते. तुमाले रेघ दिसत नाई."

मी विचारलं, "मंग बोलली काहून नाई?"

"शिंप्याले आंधया म्हनू का मी? त्याच्या बायकोनं?"

शर्ट झाला. खांद्याला पट्टी बसली, कॉलर बसली, डाव्या बाजूला खिसा आला. मी खुंटीवर टांगून लांबून पाहिला, जवळून पाहिला. ओळखू येत नव्हता. मी तिला बजावलं, "कमळीबाईले काही सांगू नको. दिसत नाई त कायले बोंबलाचं?"

तिनं मान हलवली. मला वाटलं, कबूल आहे.

कमळीबाई आली. शर्ट हातात घेते न घेते तोच वच्छलानं तो तिच्या हातात उलटा केला. "बाई, हे पाहून घ्या. डावा भाग जोडाचा हाये. सात तुकडे हाये. यायच्या हातून चुकलं, मी जोडलं. चालत नसन त सांगा, आमी भरून देऊ."

मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. कमळीबाई स्वतः कशिद्याची बाई, तिच्या अंगावरच्या चोळीला आरसे तिनंच टाकलेले. टाक्याच्या बाबतीत तिला थाप मारता आली नसती. तिनं अंगठा एकेका जोडावरून फिरवला. पुन्हा फिरवला. बाहेर उन्हात नेऊन पाहिला. आत आली ती म्हणाली, "मी पोराची याडी." याडी म्हणजे आई. "पोराले पायन्यापासून मीच शिवून घातलं. पन असे टाके मले नसते आले वं बाई."

मग माझ्याकडं वळली. "अन् भाऊ, तुमी पयले डोये दाखवा. जोडणारी घरात हाये म्हनून किती दिवस वाकडं कापसान?"

दोघी अशा हसल्या की बाहेरचा पानवाला डोकावून गेला. मीही हसलो. काय करतो?

पोरगा तो शर्ट घालून सोमवारी हजर झाला. वच्छला मला यवतमाळला घेऊन गेली आणि दोन्ही डोळ्यांचा मोतीबिंदू काढून आणला. पट्टी निघाल्यावर मी पहिलं कापड कापलं तेव्हा तिनं काखेतला तुकडा उचलून बोटावर ठेवून पाहिला. बोटाएवढाच होता. "आता पुरत नाई मले," एवढंच म्हणाली. त्यानंतर बरीच वर्षं मी दुकान चालवलं. लोक म्हणायचे, टेलरचा हात चांगला. ते हाताबद्दल बोलायचे. कोणाच्या, ते मला माहीत होतं.

वच्छलाच्या तेराव्याला कमळीबाई आली, काठी टेकत. पदराखालून तिनं तो शर्ट काढला. पोरानं घालून घालून त्याचा जीव घेतला होता. म्हणाली, "फेकवला नाई मले. तिच्या गाठोड्यात ठेवा."

ती गेल्यावर मी तो खिडकीपाशी नेऊन उलटा केला. कापड एवढं विरलं होतं की आरपार बोट दिसत होतं. कॉलरची माझी मशीनची टीप दोन जागी उसवली होती, एका बाहीची सुटली होती. मग मी डाव्या भागावरून अंगठा फिरवला, कमळीबाईनं फिरवला होता तसा. सातही तुकडे जागच्या जागी. वच्छलाचा एक टाका हलला नव्हता.

गाठोड्यात नाही ठेवला मी तो. खुंटीवर टांगला आहे, उलटा, आतली बाजू बाहेर करून. घरी येईल त्याला दाखवतो.