फोनवर ऐकलेलं इंजिन

इथले अनुभव मी बरीच वर्षं गपचूप वाचतो. खरं सांगायचं तर करमणूक म्हणून. गोव्यात साखळीला माझं गाड्यांच्या वायरिंगचं गॅरेज आहे. गाडी बंद पडली की गिऱ्हाईक म्हणतं नजर लागली, आणि मी टेस्ट लॅम्प लावून दाखवतो की बाबा, अर्थची वायर गंजलीय. बंद गाडीमागे कारण असतंच, आणि शोधलं की ते सापडतं. मी अजूनही हेच मानतो... म्हणूनच हे लिहायला इतका वेळ लागला.

माझी थोरली बहीण पेडण्याकडे दिलेली. भावोजींची जुनी पांढरी कार होती, तिच्यावर ते भाडी मारायचे. घर एकत्र. कारची चावी दाराजवळच्या खिळ्याला टांगलेली असायची — ज्याला गरज त्याने न्यावी. भावोजींचा पुतण्या सूरज एकदा मित्रांना घेऊन किनाऱ्यावर गेला आणि मडगार्ड चेपवून आला. भावोजींना ते फार लागलं. पण चावी लपवायची सोय नव्हती. खिळा रिकामा दिसला असता तर सूरजच्या आईबापांनी नक्की मनाला लावून घेतलं असतं. एक दिवस ते गॅरेजवर आले.

"चावी थयच रवांदे. पण माझ्याशिवाय गाडी चालू होता नये, असा कायतरी कर."

मी ड्रायव्हर सीटखाली चोर-स्विच बसवला. तो बंद असला की लाईट लागतात, हॉर्न वाजतो, पण सेल्फला करंट जात नाही आणि पेट्रोलचा पंपही चालत नाही. म्हणजे ढकलूनसुद्धा गाडी घेत नाही. "तुझ्या भयणीकव सांगा नको," भावोजी म्हणाले. हसत होते. मलाही गंमत वाटली.

पुढच्या काजूच्या मोसमातली गोष्ट. दुपार होती. मी रमाकांतबाब या जुन्या गिऱ्हाइकाच्या जीपच्या डॅशबोर्डखाली डोकं घालून पडलो होतो, ते बाजूला उभे राहून माझ्या पोटावर विनोद करत होते. फोन वाजला. हात काळे, म्हणून त्यांनीच उचलून स्पीकरवर टाकला. सूरज होता.

"मामा, गाडी चालू होणा नाय!"

"लाईट येता?"

"येता. हॉर्नव वाजता. चावी मारलंय तर टक पण नाय."

ऐकताक्षणी मला कळलं, स्विच बंद आहे. "खंय चल्लंस?" मी विचारलं.

"म्हापशाक. काकाक बरा नाय. बेगीन सांग!"

मला वाटलं, थाप आहे. काकांना गाडी हवी असती तर त्यांनी स्वतःच स्विच दाबला असता. मी रमाकांतबाबांना डोळा मारला. हो, डोळा मारला... आजवर हे मी कुणालाच सांगितलेलं नाही.

"बॅटरीचे टर्मिनल घट्ट कर," मी म्हणालो. तो धावला, परत आला. "केलंय. नाय."

"सेल्फचो फ्यूज काढून परत घाल."

"घातलंय. नाय, मामा!"

"मग धकलून बघ."

यातल्या कशानेही ती गाडी सुरू होणार नव्हती, आणि ते फक्त मला माहीत होतं. नंतर कळलं की मागून माझी बहीण आणि तिची जाऊ ढकलत होत्या. वाड्यावरचे पुरुष गाड्या घेऊन डोंगरावर काजूला गेले होते. अँब्युलन्सला फोन झाला होता, पण ती लांब होती.

मग सूरजचा आवाज फाटला. "मामा, काकाचा तोंड वाकडा झालाहा. बोलणा नाय तो..."

मी ताडकन उठलो, डोकं डॅशबोर्डवर आपटलं. "सूरज, सीटच्या —" एवढं म्हणालो असेन नसेन, आणि फोनमधून सेल्फ फिरल्याचा आवाज आला. इंजिनाने घेतलं. तीच कार. तिचा सायलेन्सर थोडा फाटलेला होता, ती हळू चालताना पत्रा थरथरायचा, तो आवाजसुद्धा. मी ती गाडी झोपेत ओळखली असती.

रमाकांतबाब म्हणाले, "घेतली बघ एकदाची!"

"जा, सावकाश चालव," मी म्हणालो आणि फोन ठेवला.

नंतर कळलं, त्यांना शेवटी मोठ्या रस्त्यावरचा एक टेम्पो मिळाला, पण उशिरा. भावोजी हॉस्पिटलमध्ये पोचले, पुन्हा बोलले नाहीत, आणि तिथेच गेले.

दिवसकार्य झाल्यावर मी ताईला सहज विचारतो असं दाखवून विचारलं, "गाडी मगे चालू झालेली ना?"

"खंयची! हुंकारूक पण नाय ती."

मी सीटखाली हात घातला. स्विच बंद होता. वायरिंग माझंच. स्विच बंद असताना ती कार सुरू होणं शक्य नाही. मी गुपचूप स्विच काढला, वायरी जोडल्या, आणि चावी मारल्याबरोबर गाडी सुरू झाली. घरातली सगळी अंगणात आली. सूरजही. "रिले गेला होता," मी सांगितलं. सूरजची आई त्याच्याकडे बघून म्हणाली, "मामान हात लावल्यान नि झाली. तुका तेवढापण जमाक नाय." त्या दिवसापासून त्याने स्टिअरिंगला हात लावलेला नाही. बोलतोही तुटक.

आणि मी गप्प राहिलो. मनाशी म्हणायचो, इंजिन ऐकू आलं नसतं तर मी सांगितलंच असतं. सांगितलं असतंही. पण त्याआधीचा सगळा वेळ मी त्या पोराला नाचवण्यात घालवला होता, त्यात कुठल्याच आवाजाचा हात नव्हता.

काही दिवसांपूर्वी मी पेडण्याला गेलो आणि सूरजला सगळं सांगितलं. स्विच, डोळा मारणं, इंजिनाचा आवाज.

"खंयचो आवाज, मामा? मी बोंबलत होतंय चालू होणा नाय म्हणून. तू म्हटलंस, जा, सावकाश चालव. माका वाटला तू थट्टा करतंस."

"रमाकांतबाबांनीव ऐकलो. त्यांका हाडून तुझ्यासमोर उभो करतंय."

"नको." मग हळूच म्हणाला, "धकलूच्या आधी काकाक गाडयेत मागे बसयलेलो, तेव्हा तेचो बरो हात सारखो ड्रायव्हरच्या सीटखाली जाय होतो. आमका वाटला, हात खाली पडता. काकी तो उचलून मांडयेर ठेवी... परत जाय होतो. परत ठेवी."

एवढं बोलून तो आत गेला.

रमाकांतबाब आजही शपथेवर सांगतात की त्यांनी इंजिन ऐकलं. आमच्या गॅरेजजवळ तेव्हा दुसरी गाडी चालू नव्हती, तिकडे वाड्यावरही नव्हती. मदत करणारं काही असतं तर त्याने गाडी सुरू केली असती, नुसता आवाज कशाला दिला असता? आणि तोही नेमका मी तोंड उघडलं तेव्हा... मी सगळ्या बाजूंनी तपासून पाहिलंय. मला कारण सापडलेलं नाही. ताईला अजून काही माहीत नाही. तिचा हात धरून तिला हे कसं सांगायचं, तेही सापडलेलं नाही.