काळ्या गुडघ्यांचं गाव

सांता रुफिनाचा माणूस ओळखायचा असेल तर त्याचं तोंड बघू नका, त्याला विजार गुडघ्याच्या वर घ्यायला सांगा. गुडघ्यावर काळसर निळा डाग दिसला की समजावं, हा आमचा. सायकल शिकताना इथलं प्रत्येक पोर विधवेच्या वळणावर आपटतं, आणि आपटलेलं प्रत्येक पोर त्याच वळणावर टपरी असलेल्या दोन्या एदुविनांच्या तावडीत सापडतं. दोन्या म्हणजे आमच्याकडे मानाचं 'बाई'. या बाई एका हाताने त्याचा कान धरायच्या आणि दुसऱ्या हाताने कॉफीची पूड सोललेल्या गुडघ्यावर मूठभर दाबायच्या. रक्त थांबायचं, पोर बोंबलायचं, यथावकाश खपली पडायची आणि खाली डाग राहायचा तो जन्माचा. दुसऱ्या गावचे सायकलवाले आम्हाला 'कॉफीचे गुडघे' म्हणून चिडवायचे आणि आम्ही छाती फुगवायचो. अडाणीपणाचाही अभिमान बाळगायचा म्हटलं की माणसाला कोण अडवणार?

मी इसिद्रो. टपरीसमोर माझं सायकलदुरुस्तीचं दुकान आहे आणि माझ्या दोन्ही गुडघ्यांवर एदुविनाबाईंची सही आहे. तेव्हा बाईंबद्दल बोलायचा हक्क मला आहे, इतरांनी मधे तोंड घालू नये.

बाई वरच्या वाडीच्या. परकर सावरायच्या वयात त्या बापाच्या सायकलला दुधाचे कॅन अडकवून रोज घाट उतरायच्या आणि रिकामे कॅन खडखडवत परत चढायच्या. एकदा सरावाला निघालेल्या दोघा शर्यतवाल्यांना त्यांनी कॅनसकट मागे टाकलं. त्या दोघांपैकी एक माझे वडील. मरेपर्यंत ते म्हणत होते की चाकात हवा कमी होती. पण कार्मेनच्या देवीच्या जत्रेतली घाटाची शर्यत पुरुषांची. बाईमाणसाने सीटवर बसून घाम गाळलेला देवीला खपणार नाही, असं तेव्हाच्या पाद्रीबुवांचं म्हणणं. देवीला कुणी विचारलं होतं म्हणा! पुढे लग्न झालं, नवरा तापाने लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. बाईंनी टपरी टाकली. गुळाचं कढत पाणी, त्यात बुडवायला चीजचा तुकडा, मक्याची जाड भाकरी आणि पडलेल्यांसाठी कॉफीची पूड. ते औषध त्यांच्या आईचं, आईला आजीचं.

मग भावाची पोर लुसेरो त्यांच्याकडे वाढायला आली आणि ती थेट बाईंच्याच पायांची निघाली. घाट चढताना तिचा श्वास ऐकू यायचा नाही. मी तिला भंगारातून एक सायकल जुळवून दिली होती, तिच्यावर बसून ती माझ्या गिऱ्हाइकांच्या नव्याकोऱ्या सायकलींना धूळ चारायची. त्या वर्षी जत्रेच्या समितीने पहिल्यांदाच बायकांची शर्यत ठेवली. पहिली येईल तिला प्रांताच्या संघात जागा. हे ऐकलं त्या दिवशी बाई गुळाचं पाणी ढवळता ढवळता रडल्या, आणि मी बघतोय हे दिसल्यावर माझ्यावरच खेकसल्या, "धूर लागला डोळ्याला. तुम्हाला काही कामं नाहीत का?"

जत्रा दोन आठवड्यांवर आली आणि लुसेरो पडली. विधवेच्या वळणावरच, उतारावर, बारीक खडीत. मी दुकानातून आवाज ऐकला. पोरगी डांबरावरून घसरत गेली होती. मांडीपासून गुडघ्याच्या खालपर्यंत सालपट निघालं होतं, कोपरही सोललं होतं. हाड शाबूत, डोकं शाबूत, पण त्या लाल मांसात काळी खडी तीळ पेरल्यासारखी बसली होती.

एदुविनाबाई डबा घेऊन धावत आल्या. "लुसेरो, सुमर्से, हलू नका."

आमच्या डोंगरात आई पोटच्या पोराशीही अहो-जाहो करते, लाडात 'सुमर्से' म्हणते. 'तू' म्हणायचं ते फक्त भांडणात.

"आत्या, कॉफी नको," लुसेरो दात आवळून म्हणाली.

"नको म्हणजे?"

"रामिरोचा गुडघा आठवा. गेल्या वर्षीचा."

बाईंची मूठ तशीच हवेत राहिली. रामिरो आमचा सगळ्यात चांगला घाट चढणारा. त्याच्या गुडघ्यावर बाईंनीच कॉफी दाबली होती. दगडासारखी खपली धरली, ऐन शर्यतीत गुडघा वाकला तशी ती फुटली, आत पू, वर ताप. रामिरो त्या वर्षी पुन्हा सायकलवर बसलाच नाही. गावाने ठरवलं की त्याला दृष्ट लागली. बाईंनीही तेच ठरवलं होतं, पण पोरीच्या तोंडून त्याचं नाव आल्यावर त्यांचा चेहरा उतरला.

"मला खाली दवाखान्यात न्या," लुसेरो म्हणाली. "मला शर्यतीत उतरायचंय, आत्या. गुडघा वाकायला हवा."

मी माझ्या टेम्पोत दोघींना घातलं.

गावच्या दवाखान्यात तेव्हा एनिल्दा नावाची नर्स नुकतीच आली होती. समुद्रकाठची पोर. मोठा आवाज, मोठं हसू, आणि तिकडची रीत अशी की पाद्रीबुवांनासुद्धा 'तू'.

"अगं आजी, बाजूला हो जरा, उजेड अडवतेस," ती आल्या आल्या म्हणाली.

मी मनात देवीचं नाव घेतलं. बाई ताठ झाल्या. "आजी कोण? आणि 'हो' कुणाला? कालची पोर मला अगं-तुगं करते? उठा लुसेरो, घरी चला."

"घरी जाऊन काय, कॉफी लावणार?" एनिल्दाने लुसेरोच्या पायावर दिवा ओढला. "ही खडी बघ. ही आत ठेवून वर काहीही थापलं तरी कातडी तिच्यावरूनच भरून येते. मग गोंदण. या गावात येऊन बघतेय, सगळ्यांना गोंदलंयस तू!"

"ती गावाची ओळख आहे."

"ओळख नाही, ती घाण आहे आजी. कातडीखाली अडकलेली घाण."

मला वाटलं आता भडका उडणार. पण लुसेरोने आत्याचा हात धरला होता आणि तो ती सोडत नव्हती.

"बोला," बाई शेवटी म्हणाल्या. "काय करायचं ते सांगा."

एनिल्दाने टिटॅनसचं इंजेक्शन दिलं, बधिर करायचं जेवढं होतं तेवढं औषध लावलं आणि जखम धुवायला घेतली. साधं स्वच्छ पाणी, भरपूर, धारेने. मग ओल्या जाळीच्या कापडाने हलकं घासणं, आणि तरीही न निघालेला खडा चिमट्याने. औषध लावूनही पोरगी उडत होती. दोनदा तिने पाय ओढून घेतला. एनिल्दा थांबली. "अशी हलली तर अर्धी खडी आतच राहील."

तेव्हा एदुविनाबाईंनी लुसेरोचं डोकं आपल्या छातीशी धरलं. "लुसेरो, सायकलवर बसा. घाट सुरू झाला. पहिलं वळण कुठलं?"

"गिरणीचं," लुसेरो हुंदका देत म्हणाली.

"कुठून घ्यायचं?"

"बाहेरून... आत खड्डा आहे."

"पुढे?"

"खेचराचं. आई गं!"

"खेचराच्या वळणावर कुणी आई गं म्हणतं का? गिअर बदला. श्वास घ्या. नर्सबाई, हात थांबवू नका, पोर चढावर आहे."

वळणामागून वळण, आख्खा घाट त्या दोघी चढल्या. माथ्यावर पोचेपर्यंत जखम लालभडक आणि स्वच्छ झाली होती, आणि तिघीही घामाने निथळत होत्या. एनिल्दाने वर व्हॅसलीनचा जाड थर दिला, न चिकटणारी पट्टी ठेवली आणि बांधून टाकलं. रोज उघडायची, धुवायची, पुन्हा लावायची, म्हणाली. वाळू द्यायची नाही. ओलसर राहिली तर नवी कातडी सरकत भरून येते, खपली धरली तर प्रत्येक पॅडलला फुटणार. कडा लाल होत पसरल्या, जागा गरम लागली, पू किंवा ताप आला, तर तडक इकडे.

गावात ही बातमी माझ्याआधी पोचली. ती मी सांगितली नव्हती, असं मी शपथेवर सांगतो, थोडीशी सोडून. टपरीवर टोमणे सुरू झाले.

"काय दोन्या, धर्म बदलला म्हणे?" खाटीक हेरासिमो म्हणाला. "जखमेला हवा लागायला नको? पट्टीखाली मांस सडतं, मला विचारा."

"तुम्ही मेलेल्या मांसाचे डॉक्टर," बाई म्हणाल्या. "जिवंतात लुडबुडू नका. चीज हवंय का?"

वरून त्या ठणकावत होत्या, आतून घाबरल्या होत्या. मला ठाऊक आहे, कारण रोज पट्टी बदलताना त्या मला टपरीकडे लक्ष ठेवायला सांगून दार लावून घ्यायच्या. एका सकाळी दार धाडकन उघडलं. बाई पांढऱ्याफटक. "इसिद्रो, पू झालाय."

मी आत डोकावलो. पट्टी पिवळट ओली होती. मागून हेरासिमोही घुसला. त्याला बोलावणं लागत नाही. "सांगितलं नव्हतं? पाय जाणार पोरीचा! आता तरी आईचं औषध लावा, सुकून जाईल."

कॉफीचा डबा फळीवरच होता. बाईंनी तो उचलला. झाकण काढलं. लुसेरो खाटेवरून नुसती बघत होती, नको म्हणत नव्हती. तिचाही धीर सुटला होता. रामिरोच्या दुखण्यात गाव मिळून दृष्टीला दोष देऊ शकलं, इथे मात्र जे होईल ते बाईंच्याच माथी बसणार होतं. लावलं तरी, नाही लावलं तरी.

बाईंनी झाकण बंद केलं. "इसिद्रो, टेम्पो काढा."

एनिल्दाने पट्टी उघडली, वास घेतला, हाताची पालथी बाजू भोवतालच्या कातडीला लावली, ताप पाहिला. मग हसली. "पू नाही हा. ही लस आहे. पातळ आहे, वास नाही, कडा गार आहेत. या पाण्यातच नवी कातडी पोहत येते. हे बघा, कडेला गुलाबी दिसतंय ना? दोन्या, तुम्ही मी केलं असतं त्यापेक्षा छान सांभाळलंय."

'दोन्या' आणि 'तुम्ही'! बाईंनी मान हलवली, राणीने नजराणा घ्यावा तशी. बाहेर आल्यावर मात्र टेम्पोच्या दाराला धरून त्या गदगदून रडल्या, आणि या वेळी धुराचं नाव काढलं नाही.

जत्रेच्या दिवशी देवीची पालखी गेली, ट्रकवाल्यांनी हॉर्न वाजवून कान किटवले, आणि दुपारी बायकांची शर्यत सुटली. लुसेरोच्या कोपरावर अजून छोटी पट्टी होती. गुडघा उघडा होता, कोवळ्या गुलाबी कातडीचा, आणि उन्हाने काळा पडू नये म्हणून त्यावर मलम चोपडलेलं. आमचं गाव त्या गुडघ्याकडे बघायला जमलं होतं. शर्यत नंतर.

मी आणि बाई विधवेच्या वळणावर उभे होतो. हेरासिमोही होता. "चढावर फुटणार बघा," म्हणाला.

पाचजणी एकत्र खालून दिसल्या. लुसेरो सगळ्यात मागे. बाईंनी माझा दंड असा दाबला की चार दिवस निळा होता. वळण जवळ आलं, चढ उभा झाला, आणि लुसेरो पॅडलवर उभी राहिली. गुडघा वाकला. पुन्हा वाकला. पुन्हा, पुन्हा, पुन्हा. कातडी ताणली जात होती, चकाकत होती, आणि टिकून होती. एकीला मागे टाकलं, दुसरीला, वळणाच्या आतल्या बाजूने उरलेल्या दोघींना एकदम.

"आता!" एदुविनाबाई किंचाळल्या. "आता गं, लुसेरो, आता! मार! मार गं पोरी!"

लुसेरो आमच्या समोरून एकटी गेली. मी ओरडत होतो, हेरासिमो माझ्या गळ्यात पडून ओरडत होता, नालायक. वरच्या कर्ण्यावर तिचं नाव ऐकू आलं तेव्हा दुसरी मुलगी अजून शेवटच्या वळणावरच होती.

आम्ही माथ्यावर पोचलो तर प्रांताच्या संघाचे प्रशिक्षक लुसेरोपुढे उकिडवे बसून तिचा गुडघा न्याहाळत होते. दोन आठवड्यांपूर्वीची पड आहे यावर त्यांचा विश्वास बसत नव्हता. "कुणी केलं हे?"

"आत्याने," लुसेरो म्हणाली.

सगळं गाव एदुविनाबाईंकडे बघू लागलं. आयुष्यभर या बाईने कुठल्याही कामाचं श्रेय दुसऱ्याला दिलेलं मी पाहिलं नव्हतं.

"नर्सबाईंनी केलं," बाई म्हणाल्या. "मी फक्त आडवी आले नाही. तेच फार जड गेलं बघा."

आणि लोक टाळ्या वाजवत असतानाच खालून कुणीतरी ओरडत आलं की उतारावर दोन मुली पडल्यात, दुसऱ्या गावच्या. बाईंनी लुसेरोच्या घामेजल्या कपाळाचा मुका घेतला, बाह्या वर केल्या आणि काळ्या गुडघ्यांच्या त्या गर्दीवर कडाडल्या, "बघताय काय? स्वच्छ पाणी आणा, भरपूर! आणि कुणीतरी एनिल्दाबाईंना हाक मारा!"