आधी साबण, मग सुई

माझ्या तोंडावर देवीचे व्रण आहेत. सहा वर्षांचा असताना देवी आली नि गेली. त्या तोंडाचा मला जन्मभर तोटाच झाला, फक्त नोकरी तेवढी त्याच्यामुळे लागली. संस्थानं जाऊन मध्यभारत राज्य नुकतंच झालं होतं. इंदुरात देवीची साथ आली आणि शहराबाहेर पत्र्याच्या बराकीत वेगळा दवाखाना उघडला. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं नि म्हणाले, "याला परत होत नाही. ठेवून घ्या." शिक्षण माझं चौथी. पण आजोबा संस्थानाच्या रिसाल्यात होते, त्यामुळे मान ताठ. नोकर म्हणून लागलो तरी कुणाचं ऐकून घेत नव्हतो.

स्ट्रेचर पुढून मी धरायचो, मागून माझा जोडीदार. कृष्णपुऱ्याचा पोरगा, गोरा, मिशीला रोज तेल. त्याला देवी आलेली नव्हती आणि लहानपणी टीका, म्हणजे देवीची लसही टोचलेली नव्हती. आजीनं शीतलामातेचा नवस केला होता, टीकेवाला आला की ती त्याला कणगीमागे लपवायची. अशा माणसाला देवीच्या दवाखान्यात घ्यायलाच नको होतं. पण कामाला कोणी येईना, म्हणून "टीका इथेच देऊ" असं सांगून घेतलं. टीका काही येईना.

तो मला म्हणायचा, "भिया, पेशंटला पहिले तुमचं तोंड दिसतं. बरा होणारा पण हाय खातो."

"मग तू ये पुढे, आरसा घेऊन," मी म्हणायचो.

त्याची बायको बाळंतपणाला देवासला माहेरी गेली होती. मुलगी झाली, महिन्याची झाली, यानं बघितली नव्हती. आम्हाला कपड्यांचा एकच जोड. त्यातच रोगी उचलायचे, मेलेले उचलायचे, त्यातच घरी जायचं. हात धुवायला लाल दवा होती, ती संपली. साबण नाहीच. मल्हारगंजात मी नळावर गेलो की बाया घागरी उचलून लांब व्हायच्या. घरमालक हात जोडून म्हणाला, "भाऊसाहेब, तुम्ही दवाखान्यातच राहा ना." माझं सोडा. पण जोडीदार म्हणायचा, "या कपड्यांत पोरीला कसा घेऊ, भिया?"

ते मला लागलं. मी डॉक्टरांना दोनदा सांगितलं. ते म्हणाले, वर लिहिलंय. डॉक्टर वाईट नव्हते, त्यांच्याही हातात काही नव्हतं.

मग एका सकाळी टीकेवाला आला. थर्मासात बर्फ, बर्फात लसीच्या नळ्या. आम्ही सहा जण ओळीत उभे. जोडीदारानं बाही वर केली होती. मी पुढे झालो नि म्हणालो, "आधी साबण, मग सुई. साबण नि दुसरा जोड मिळेपर्यंत कोणी टोचून घेणार नाही."

टीकेवाला म्हणाला, "दादा, बर्फ पिघल रही है. झगड़ा बाद में कर लेना."

जोडीदार हळूच म्हणाला, "भिया, सुई तर घेऊ द्या. साबणाचं मग भांडू ना."

"आज टोचून घेतलंस तर उद्या साबण कोण देतो? जायचं तर जा. एकटा जा."

त्यानं माझ्याकडे बघितलं. बाही खाली केली, बटण लावलं. बाकीच्यांनीही केली. टीकेवाला दुपारपर्यंत झाडाखाली बसला, मग थर्मास उचलून निघून गेला.

मी जिंकलो. चौथ्या दिवशी साबण आला, माणशी दोन वड्या, आणि कपड्यांचा एकेक जोड. सगळ्यांनी माझी पाठ थोपटली, पोहे-जलेबी झाली. जोडीदारानं एक वडी वापरायला काढली, दुसरी कागदासकट ठेवून दिली. "ही देवासला जायच्या दिवशी." डॉक्टरांनी सांगितलं होतं, टीका झाल्याशिवाय पोरीकडे जायचं नाही.

टीकेवाला परत आला तो बारा दिवसांनी. बाकी चौघांनी टोचून घेतलं. जोडीदार आदल्या दिवसापासून तापानं पडला होता.

पुरळ आलं, भरलं. त्याच बराकीत, आम्ही ज्यांना आणायचो त्यांच्या ओळीत त्याची खाट. डोळे उघडत नव्हते. मी पाणी पाजायला गेलो की बोटांनी माझा गाल चाचपायचा. म्हणाला, "आता आपण सारखे, भिया." मी तिथून उठलो नि स्ट्रेचर पुसत बसलो. ते स्वच्छच होतं.

नवव्या दिवशी गेला. त्याच्या उशाखालची कागदातली वडी काढून मीच त्याला धुतलं. दुसरं कोणी हात लावायला तयार नव्हतं. नंतर डॉक्टरांना विचारलं, त्या दिवशी टोचलं असतं तर? ते म्हणाले, "कदाचित वाचला असता." मला परत होणार नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. ज्या सुईवरून मी अडून बसलो तिची गरज मला नव्हतीच.

दोन वर्षांनी त्याची बायको आया म्हणून आमच्याकडेच लागली. मला भावजी म्हणायची. एकदा म्हणाली, "सगळे सांगतात, तुमच्यामुळे साबण मिळाला. यांनी तेवढी टीका का नाही घेतली, भावजी?"

मी म्हणालो, "राहून गेलं, बाई." आज हे लिहितोय तेव्हा ती नाही. तिला मी दुसरं काही सांगितलं नाही.

पण तिनं हे विचारलं त्याच महिन्यात टीकेवाला आला. ती ओळीत उभी होती, भ्यायलेली, पदर घट्ट धरून. माझ्याकडे बघून म्हणाली, "टोचून घेऊ ना?"

मी ओळ सोडून पुढे गेलो आणि बाही खांद्यापर्यंत वर केली.

टीकेवाल्यानं माझं तोंड बघितलं नि हसला. "दादा, आपको तो माता निकल चुकी है. आपको क्या जरूरत?"

"लगाओ," मी म्हणालो. "पहिले मला लगाओ."